छप्पन्न लाखांची नोट आणि ट्रंकेतला ट्रॅक्टर

लंडनच्या लिलावात शंभराच्या एका भारतीय नोटेला ५६ लाख रुपये मिळाल्याची बातमी डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि लालबाग-परळच्या ट्रंकांना उगाचच भाव आला. पुनर्विकासासाठी चाळी रिकाम्या होताहेत, पोटमाळ्यावरची पाकिटं खाली उतरताहेत आणि त्यांतून पाचाची ट्रॅक्टरवाली नोट निघाली की मोबाइलवरची जाहिरात तिचे लाखो रुपये देऊ करते. ‘जुनं ते सोनं’ ही म्हण नोटांना लागू नाही. तशाच किती नोटा उरल्या आणि हातातली किती कमी हाताळली गेली, या दोन प्रश्नांवर भाव ठरतो, वय त्यानंतर. लंडनची ती नोट हज यात्रेकरूंसाठीची होती. आखाती देशांत तेव्हा आपला रुपया चालायचा आणि त्याच वाटेने सोन्याची चोरटी आयातही व्हायची. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभराच्या वेगळ्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी ‘एचए’ अक्षरं असलेल्या. त्या भारतात चालत नसत. मुंबई बंदरातून जहाजाने निघालेल्या यात्रेकरूने तिकडे खर्चलेली नोट बँकेकडे परतायची, ती पुन्हा इथल्या बाजारात यायचीच नाही. म्हणून आज त्या फार थोड्या उरल्या. ट्रॅक्टरची नोट मात्र वर्षानुवर्षं छापली गेली आणि घराघरांत पोचली.

सहीचंही असंच. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या सहीची नोट मराठी घरात निघाली की ऊर भरून येणारच. पण ते १९४३ ते १९४९ अशी सहा वर्षं त्या पदावर होते आणि त्या काळात नोटा भरपूर छापल्या गेल्या. अभिमान वेगळा, भाव वेगळा. उलट बी. एन. आडारकर १९७० मध्ये जेमतेम ४२ दिवस गव्हर्नर होते, म्हणून संग्राहक त्यांची सही मुद्दाम शोधतात. तरीही अल्प कारकीर्द म्हणजे दुर्मीळ नोट, असं सरळ गणित नाही. मोजायचे ते छापखान्याचे गठ्ठे, खुर्चीतले दिवस नव्हेत. एक रुपयाच्या नोटेवर तर गव्हर्नरची नव्हे, अर्थसचिवांची सही असते. क्रमांकात तारा दिसला की छपाईतली चूक सापडली म्हणून नाचणारेही आहेत. तो तारा छपाईत बिघडलेल्या नोटेच्या बदली घातलेल्या नोटेची खूण आहे आणि ती पद्धत २००६ पासूनची.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की दुकानदार फसवणार, मग ऑनलाइन भावावर विश्वास ठेवलेला काय वाईट? वाईट इतकंच, की तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. लिलाव कंपन्या झालेल्या लिलावांचे प्रत्यक्ष भाव प्रसिद्ध करतात. मूल्य, सही, क्रमांकाआधीची अक्षरं आणि अवस्था जुळवून ते आधी बघावेत, मग फोर्टातल्या निदान दोन व्यापाऱ्यांना नोट दाखवावी. फिरोजशाह मेहता रोडवरचं रिझर्व्ह बँकेचं नाणे-संग्रहालय तिथून जवळच आहे; भाव कळणार नाही, नजर तयार होईल. आणि कृपा करून नोटेला इस्त्री करू नका, सेलोटेप लावू नका. कोऱ्या करकरीत नोटेचा भाव एका घडीने पडतो. जुन्या नोटांतली टाचणीची भोकं मात्र संग्राहक बऱ्याचदा चालवून घेतात, कारण पूर्वी बँकाच गठ्ठे टाचत असत.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटांवर कोणी आशा ठेवून असेल, तर २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं गुन्हा आहे. अभ्यासक आणि संग्राहकांनाही मर्यादा २५ चीच. जुनी नोट विकून देतो म्हणत आधी शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच सावध केलं आहे. बँक अशा व्यवहारात नसते. असा फोन आला तर तो ठेवून द्या. ट्रंकेतली ती मळकी ट्रॅक्टरवाली नोट आजही चलनात आहे आणि तिचे पाच रुपये कुठेही मिळतील.