मार्लबरोच्या ड्यूकांची तीनशे वर्षे

घराण्याची पदवी रक्ताबरोबर पिढ्यान्‌पिढ्या आपोआप उतरत येते, असे आपण धरून चालतो. इंग्लंडमधल्या मार्लबरो घराण्याकडे पाहिले तर दिसते ते वेगळेच. राणी ॲनने 1702 मध्ये जॉन चर्चिलला ड्यूक केले आणि पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा देवीच्या साथीत दगावला. एरवी ही पदवी बापाबरोबरच संपली असती. पण 1704 मध्ये ब्लेनहाइमची लढाई जिंकणाऱ्या सेनापतीचे नाव बुडू देणे दरबाराला परवडणारे नव्हते. 1706 मध्ये पार्लमेंटने कायदा करून वारसा मुलींना खुला केला. 1722 मध्ये थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिचा मुलगा तिच्याआधीच गेल्याने 1733 मध्ये पदवी बहिणीच्या मुलाला, चार्ल्स स्पेन्सरला मिळाली. तेव्हापासूनचे सारे ड्यूक स्पेन्सर कुळातले. चर्चिल हे आडनाव त्यांनी 1817 मध्ये राजाच्या परवानगीने पुन्हा जोडून घेतले.

मुलीची संततीही रक्ताचीच ना, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा, पण कायदा नसता तर त्या रक्ताला किंमत नव्हती. शिवाय रक्ताने नाव राखले तरी ऑक्सफर्डजवळचा अवाढव्य ब्लेनहाइम वाडा राखला नाही. एकोणिसाव्या शतकात खर्च पेलेना, तेव्हा वारशाच्या अटींत अडकलेले ग्रंथालय विकायलाही 1880 मध्ये पुन्हा पार्लमेंटचाच कायदा लागला. 1885 मध्ये राफाएलचे एक चित्र 70,000 पौंडांना नॅशनल गॅलरीकडे गेले. आणि 1895 मध्ये नवव्या ड्यूकने अमेरिकन रेल्वेसम्राटांच्या घरातली कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट करून घेतली. ती आईच्या दडपणाखाली बोहल्यावर उभी राहिली होती, हे पुढे विवाह रद्द ठरवताना मान्य झाले. हुंड्याने छप्पर सावरले, संसार नाही. 1950 पासून वाडा तिकीट काढून येणाऱ्यांना खुला आहे.

थोरल्या मुलालाच सारे देण्याच्या प्रथेमुळे ही घराणी टिकली, हा दुसरा युक्तिवाद जास्त वजनाचा. जमिनीचे तुकडे झाले नाहीत, हे खरेच. पण ती प्रथाही कायद्यावरच उभी, आणि कायद्यानेच ती सैल झाली. 1999 मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात बसण्याचा जन्मसिद्ध हक्क गेला. 2014 मध्ये अकरावे ड्यूक वारले तेव्हा पदवी थेट मुलाकडे आली, वाड्याचा कारभार मात्र विश्वस्तांच्या हाती राहिला.