वादळी संध्याकाळी शेंगदाण्याचं कालवण

परतीचा पाऊस सोलापुरात गुपचूप येत नाही. दुपारभर उकडतं, आभाळ काळं होत येतं, वारा सुटतो आणि वीज गेली की भवानी पेठेतल्या यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबतो. अशा संध्याकाळी मंडईत कोण जाणार? डब्यात असेल त्यावर भागवायचं: ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, कांदा-लसूण, लाल तिखट, थोडी चवळी, दोन-चार रताळी, आधी आणून ठेवलेली थोडी भाजी. बहुतेक घरांत पिठलं-भाकरी होते आणि त्यात काही कमी नाही. पण याच डब्यांतून सेनेगल, माली किंवा उत्तर नायजेरियातलं पोटाला ऊब देणारं जेवणही होऊ शकतं आणि ते आपल्या जिभेला परकं लागणार नाही, असं माझं म्हणणं आहे. नूडल्स आणि पास्ता आपण सहज घरात घेतले. त्यांच्यापेक्षा हे जेवण आपल्याला कितीतरी जवळचं आहे.

ही जवळीक धान्यांपासून पाहावी. बाजरी माणसाने प्रथम पिकवल्याचा सर्वांत जुना पुरावा आजच्या मालीच्या उत्तर भागात सापडला आहे, सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचा. चवळीही पश्चिम आफ्रिकेची. घानातल्या किंटाम्पो संस्कृतीच्या अवशेषांत तिचे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दाणे मिळाले आहेत. ज्वारी थोडी पूर्वेकडची, सुदानची, पण तिथून ती पश्चिम आफ्रिकेतही पसरली आणि भारतातही आली. आपण तिला इतकं आपलं केलं की मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण आजही रब्बीत पेरलं जातं. ही पिकं दोन्हीकडे टिकली त्याला कारण आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साहेल नावाचा जो पट्टा आहे, तिथेही पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर एवढाच, तोही अनेकदा वादळ घेऊन येणारा, आणि उरलेलं वर्ष कोरडं. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे, ते अशाच लहरी पावसाशी झगडण्यासाठी. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात चूल ताज्या भाजीवर विसंबून राहत नाही. दळलेलं, वाळवलेलं, भाजून ठेवलेलं हाताशी लागतं. वादळात घराबाहेर न पडता होणारा स्वयंपाक ही साहेलची आणि आपली सारखीच जुनी गरज आहे.

भुईमुगाची गोष्ट वेगळी. तो मूळचा त्यांचाही नाही आणि आपलाही नाही. दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो आफ्रिकेत गेला. तिथे जमिनीखाली शेंग धरणारं बांबारा नावाचं कडधान्य लोक आधीपासून खात होते, त्यामुळे नवी शेंग ओळखीच्या भांड्यात सहज गेली. आपण तरी काय केलं? ओळखीच्या मुगाचं नाव देऊन तिला भुईमूग म्हटलं. सेनेगलमध्ये तिच्या कालवणाला माफे म्हणतात, मालीत तिगादेगेना. सोलापुरी चटणी करताना दाणे नुसते बारीक करून भागत नाही, तेल सुटेपर्यंत कुटावे लागतात. लसूण आणि तिखट बाजूला ठेवलं, तर माफेची सुरुवात याच गोळ्यापासून होते. याहून बोलका पुरावा अंबाडीचा आहे. भवानी पेठेच्या परिसरातल्या तेलुगू पद्मशाली घरांत जिला पुंटिकूरा म्हणतात, तीच लाल अंबाडी उत्तर नायजेरियातले हौसा लोक याकुवा म्हणून ओळखतात आणि शेंगदाण्याचं कूट घालून शिजवतात. आपल्याकडेही अंबाडीच्या भाजीत कण्या आणि दाणे पडतात. तिचा आंबटपणा दाण्याचा जडपणा तोडतो, हे दोन्हीकडच्या हातांना कळलेलं आहे.

चार माणसांना दीड वाटी शेंगदाणे पुरतात. आधी नीट निवडावेत. पावसाळी ओलीत दाण्यांवर बुरशी धरते आणि तिचं विष साध्या शिजवण्याने जात नाही, म्हणून काळपट, सुरकुतलेला किंवा कडू दाणा टाकूनच द्यावा. मंद आचेवर भाजून, सालं पाखडून खलबत्त्यात कुटायला घ्यावेत. वीज नसताना मिक्सरची वाट पाहण्यात अर्थ नाही. कूट आधी कोरडं असतं, मग ओलसर होतं, मग बत्त्याला चिकटू लागतं. बोटाने दाबल्यावर बोट तेलकट झालं की पुरे. तेलात कांदा, आलं, लसूण आणि तिखट परतून टोमॅटो गळेपर्यंत शिजवावा, त्यात गरम पाण्यात सैल केलेलं कूट आणि रताळ्याच्या, लाल भोपळ्याच्या फोडी घालाव्यात. पुढची तीस-चाळीस मिनिटं आच मंद आणि पळी हातात, कारण हे कालवण बुडाला पटकन लागतं. वर तांबूस तेलाचा तवंग आला की चिरलेली अंबाडी घालून पाच-सात मिनिटांत उतरवावं. जोडीला हौसांचा तुवो: ज्वारीचं थोडं पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, मग उरलेलं पीठ घालत लाकडी दांड्याने गोळा होईपर्यंत घोटायचं. भाकरीसाठी उकड काढणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

याला पश्चिम आफ्रिकेचं जेवण म्हणावं का, असं कोणी विचारेल. त्यात दावादावा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या बियांचा उग्र मसाला नाही, धुरावलेले मासे नाहीत, पाम तेल नाही. आक्षेप खरा आहे. दावादावाचा वास आपल्या कोणत्याही मसाल्याने येणार नाही आणि तसा आव आणू नये. पण माफे त्याच्या मुलखातही घरागणिक बदलतं. कुठे मटण, कुठे कोंबडी, कुठे मासे, कुठे नुसत्या भाज्या. दाणा, टोमॅटो, मिरची आणि मंद आच एवढं राखलं की माफेचा गाभा राहतो. दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो: पश्चिम आफ्रिका म्हणजे एकच स्वयंपाकघर नव्हे. किनाऱ्याकडच्या दमट पट्ट्यात सुरण-कोनफळासारखे कंद, कसावा आणि केळी यांवर जेवण चालतं आणि त्याच्याशी सोलापूरचं फारसं नातं लागत नाही. इथे केलेला दावा साहेलच्या कोरड्या पट्ट्यापुरताच आहे. आणि पिठलं असताना हा खटाटोप कशाला, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की आफ्रिका आपल्या बातम्यांत बहुतेक वेळा दुष्काळ आणि यादवी घेऊनच येते. ज्या शेतकऱ्यांनी बाजरी आणि चवळी घडवली, त्यांचं ऋण आपण रोज खातो आणि ते कोणाचं हे मुलांना सांगत नाही. ते सांगायला ताट समोर असण्यासारखी दुसरी वेळ नाही.

चवळी उरली असेल तर ती रात्री भिजत घालावी. सकाळी चोळून सालं काढून, कांदा-मिरचीबरोबर वाटून, हाताने फेसून हलकी केली की बेसन आणि सोडा न घालताही तिची भजी फुलतात. नायजेरियातले योरुबा लोक त्यांना अकारा म्हणतात आणि न्याहारीला खातात. कालचं कालवणही तोवर घट्ट झालेलं असतं. ते चांगलं उकळून घ्यावं आणि कडक भाकरी चुरून त्यात भिजू द्यावी.