परदेशी पैसा व शेतकऱ्याचें खातें

परदेशाचें भांडवल आलें म्हणजे देश संपन्न होतो, असें आपण नेहमीं ऐकतों. तें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु पैसा कोणत्या वाटेनें आला व कशांत गुंतला, हें पाहिल्यावांचून त्याचें फळ सांगतां येत नाहीं. याचा दाखला आपल्याच मुलखांत आहे.

इ. स. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला व त्यांची मोठी मागणी मुंबई बंदरावर आली. भाव कित्येक पटींनीं चढला आणि मोबदल्यांत चांदी येऊं लागली. त्या काळीं चांदी टांकसाळींत नेली कीं तिचे रुपये होत. म्हणजे बाहेरचें द्रव्य थेट चलनांत भर घालीत असे. त्याच सुमारास आगगाडीसाठीं बोरघाट फोडण्याचें काम चाललें होतें. तेथील मजुरीचा पैसाही पुणें जिल्ह्यांत खेळूं लागला.

रुपये वाढले, पण ज्वारी, बैल व राबणारे हात त्या मानानें वाढले नव्हते. मग महागाई न झाली तरच नवल! जमिनीची किंमत चढली तशी सावकारानें थैली सैल सोडली. मुंबईंत तर धंद्यांत न मावणारा पैसा समुद्र भरून काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांत शिरला.

१८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील मुख्य सेना शरण आली. कापूस कोसळला, कंपन्या बुडाल्या. बँक ऑफ बाँबे १८६८ मध्यें मोडींत निघाली. परंतु भाव उतरले म्हणून कर्जरोख्यांतील आंकडे उतरत नाहींत. समजा, एखाद्यानें ज्वारी रुपयाला दहा शेर असतां शंभर रुपये काढले. पुढें ती वीस शेर झाली, तर मुद्दलापुरती ज्वारीच दुप्पट घालावी लागते. त्यांत फेरपाहणी होऊन सारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा झाला व लोकांनीं रोखे जाळले. १८७९ च्या कायद्यानें व्यवहाराचा मागील हिशोब तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला, पण तोंवर पुष्कळांच्या जमिनी गेल्या होत्या.

आगगाडीची गोष्ट थोडी निराळी. तेंही विलायती भांडवलच; परंतु तेजी ओसरली तरी रूळ जागेवर राहिले व माल वाहत राहिले. मात्र त्या भांडवलास सरकारनें शेंकडा पांच व्याजाची हमी दिली होती, आणि तूट पडे ती रयतेच्या करांतून भरली जाई. अशी हमी देणें आमच्या मतें चुकीचें होतें.

आज चांदीची जागा डॉलरनें घेतली आहे. १९३५ सालीं स्थापन झालेली रिझर्व्ह बँक तो विकत घेते तेव्हां तितके नवे रुपये बाजारांत पडतात. महागाई होऊं नये म्हणून ती सरकारी रोखे विकून ते परत ओढूं शकते. डॉलर घेतलाच नाहीं, तर रुपया महाग होतो. मग निर्यातीच्या कापसास व द्राक्षास परदेशांत तोच भाव मिळूनही गांवीं हातांत पडणारे रुपये कमी होतात.