सॅडलबॅग तलावाकाठचे ताणलेले दगड

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून पूर्वेला जाणारा टायोगा रस्ता ३,०३१ मीटर उंचीची खिंड ओलांडून उतरू लागतो. थोडं पुढे गेलं की डावीकडे सॅडलबॅग तलावाचा फाटा लागतो. भटके इथे येतात निळ्याशार तळ्यांसाठी. भूशास्त्रज्ञ मात्र तळ्यांकडे पाठ करून खडकांवर ओणवे होतात.

कॅलिफोर्नियाची सिएरा नेवाडा पर्वतरांग म्हणजे मुख्यतः ग्रॅनाइटी खडकांचा अजस्र बॅथोलिथ. भूगर्भात काही किलोमीटर खोलवर शिलारस पुन्हा पुन्हा घुसत गेला आणि सावकाश थिजला. योसेमिटीच्या उंच भागातले टुओलमी समूहाचे खडक असेच, साधारण ९.५ ते ८.५ कोटी वर्षांपूर्वी तयार झाले. त्या काळात पश्चिमेकडचा फॅरलॉन भूपट्ट उत्तर अमेरिकेखाली तिरका शिरत होता. त्यामुळे हा सगळा प्रदेश दाबला तर गेलाच, शिवाय आडवा ओढलाही गेला.

या ओढाताणीची नोंद खडकांत दोन टप्प्यांत झाली आहे.

पहिली नोंद शिलारस अर्धवट थिजलेला असतानाची. फिकट ग्रॅनोडायोराइटमध्ये, म्हणजे ग्रॅनाइटसारख्याच एका खडकात, काळसर गोळे अडकलेले दिसतात. ते चपटे होऊन एकाच दिशेने रांगेत बसले आहेत, पण भोवतीचे स्फटिक धडधाकट आहेत. म्हणजे त्या वेळी स्फटिकांना सरकायला, वळायला मधे द्रव शिल्लक होता.

दुसरी नोंद खडक घट्ट झाल्यानंतरची. ती सॅडलबॅगजवळच्याच कॅस्केड तळ्याच्या परिसरात, कॅथीड्रल पीक ग्रॅनोडायोराइटच्या पूर्व कडेला स्पष्ट दिसते. या खडकात फेल्स्पारचे बोटभर लांबीचे स्फटिक असतात. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे क्वार्ट्‌झ न तुटता ताणला जाऊ लागतो. फेल्स्पारला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून क्वार्ट्‌झच्या लांबट पट्ट्या झाल्या, फेल्स्पार मात्र ठाम राहिला आणि त्याच्या दोन्ही टोकांना बारीक कणांची शेपटं उमटली. ही शेपटं कुठे वळतात, यावरून सरकण्याची दिशा कळते: पश्चिमेची बाजू पूर्वेच्या तुलनेत उत्तरेकडे गेली.

सॅडलबॅगजवळच्या जुन्या पिंडाश्मातले, म्हणजे गोटे एकत्र घट्ट होऊन बनलेल्या खडकातले, गोटेही असेच लांबट झाले आहेत. अनेक गोट्यांची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून खडक किती ताणला गेला, याचा आकडा काढता येतो.

हिमवृष्टीमुळे टायोगा रस्ता साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत बंद असतो. राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलून नेण्यास मनाई आहे. सोबत भिंग असलं की पुरे. गोटा मात्र एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी पाहावा, कारण एका बाजूने गोल वाटणारा गोटा दुसऱ्या बाजूने चांगलाच लांबट निघतो.