सात मिनिटांची गाण्याची शाळा

शाळेच्या परिपाठात दोन हिंदी प्रार्थना आपल्याकडे गावोगाव म्हटल्या जातात. एक 'दो आंखें बारह हाथ' (१९५७) मधली आणि दुसरी 'गुड्डी' (१९७१) मधली. दोन्हींच्या चाली एकाच माणसाच्या, आणि तो माणूस आपला, सावंतवाडीकडचा. वसंत देसाई. 'श्यामची आई'चं संगीतही त्यांचंच. पण आमच्या पिढीच्या कानात ते बसले ते तिसऱ्याच एका गाण्यामुळे, आणि ते गाणं त्यांचं आहे हे पुष्कळजणींना ठाऊकही नसेल.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर एक चित्रफीत लागायची. लहान भाऊ ताईला विचारतो, अनेक म्हणजे काय गं? मग सूर्य, चंद्र, तारे, खारी, फुलपाखरं, आणि शेवटी जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी. आठवलं ना? हातातलं काम टाकून आपण टीव्हीपुढे बसायचो.

'एक अनेक और एकता' हे तिचं नाव. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने काढलेली, जेमतेम सात मिनिटांची. करणारी बाई होती, मैत्रिणींनो! विजया मुळे. जन्म १९२१ साली मुंबईत, निधन २०१९ साली दिल्लीत. त्यांना सगळे अक्का म्हणत. अभिनेत्री सुहासिनी मुळे ही त्यांचीच लेक. चित्रं हलती केली भीमसेन यांनी. गीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाच्या पं. विनयचंद्र मौद्गल्य यांचं, आणि ते शिष्य आपल्या विनायकराव पटवर्धनांचे. आवाज साधना सरगम यांचा. दाभोळची ही मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. चित्रफीत हिंदी, पण नावं वाचत गेलं की अर्धा महाराष्ट्रच भेटतो. उत्तम शैक्षणिक चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक तिला मिळालं. दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, वसंत देसाई लिफ्टच्या अपघातात गेले.

आता गाण्याकडे वळू. त्यात खरी करामत कसली आहे? मला वाटतं, बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं हे कळतच नाही. भाऊ साधं बोलतो, ताई बोलता बोलता गाऊ लागते. चाल मुलांच्या गळ्याला झेपेल एवढीच वर जाते. वाद्यं शब्दांवर चढून बसत नाहीत. आणि एक गोष्ट झाली की ती मुलाला परत म्हणू देतात, मगच दुसरी. आपल्या आज्यांनी पाढे असेच पाठ करून घेतले, तालावर डोलत. अमेरिकेतही हेच घडलं. एका जाहिरातवाल्याच्या मुलाला पाढे येईनात, पण गाणी सगळी तोंडपाठ! त्यातून १९७३ साली तिकडे 'स्कूलहाउस रॉक' ही गाण्यांच्या छोट्या चित्रफितींची मालिका निघाली. म्हणजे दुखणं सगळीकडे तेच, औषधही तेच.

मी सोयगावात अर्धवेळ शिकवते. वर्गात कोणाच्या घरी खान्देशी वळणाची बोली, कोणाच्या घरी बंजारा बोली, कोणाची तडवी. पुस्तकातली मराठी ही त्यांची पहिली भाषा नव्हेच. एकवचन-अनेकवचन हा धडा आला की फळ्यावर कितीही तक्ते काढा, मुलं जांभया देतात. म्हणून मी त्या चालीवर मराठी शब्द घालते. एक चिमणी, अनेक चिमण्या. एक वासरू, अनेक वासरं. मुलं लगेच आपली भर घालतात, एक बोंड, अनेक बोंडं. कपाशीचा मुलूख आमचा!

दिवाळीनंतर काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशीच एक मुलगी गेल्या वर्षी परत आली तेव्हा निम्मी अक्षरं विसरली होती. पण चाल विसरली नव्हती. फडावर धाकट्या भावाला झोपवताना ती हेच म्हणायची म्हणे, आणि त्यात तिने ऊस, कोयता, बैलगाडी सगळं घातलं होतं. बैलगाडीचं अनेकवचन तिने बरोबर केलं होतं. त्या चार महिन्यांत तिच्यापाशी शाळा म्हणून जे काही उरलं, ते एवढंच. पुढचं वाचन आम्ही तिथूनच सुरू केलं.

राग येतो तो एका गोष्टीचा. मराठीत असं काम करायला पुण्याची बालचित्रवाणी होती. १९८४ साली सुरू झाली, मुलांसाठी पुष्कळ कार्यक्रम तिने केले, आणि २०१७ साली ती बंद झाली. पैशाची अडचण असेलही. पण अशी संस्था मोडायला एक कागद पुरतो, उभी करायला मात्र पिढी जाते. मोबाइलवर मराठी बालगीतं ढिगाने आहेत हो, पण बरीचशी नुसती धावतात. मूल म्हणून बघेपर्यंत पुढची ओळ आलेली असते.

घरी काय करता येईल? चित्रफीत मुलाला एकदा दाखवा, दोनदा दाखवा, मग मोबाइल बाजूला ठेवा. शेंगा सोलताना, मेथी निवडताना तुम्ही 'एक' म्हणा, मुलाला 'अनेक' म्हणू द्या. आठवड्याला एकच गाणं पुरे. आपला गळा चांगला नाही म्हणून लाजू नका, मुलं आईच्या सुरातली चूक काढत नाहीत.

पक्ष्यांची गोष्टही तोंडी सांगा. पंचतंत्रात ती कबुतरांची आहे, जातकात लाव्यांची. जातकातले लावे पुढे आपापसात भांडतात आणि पारध्याच्या हाती सापडतात. आमच्या मुलांना हा शेवट फार आवडतो. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात, तिथे जातककथा भिंतींवर रंगवलेल्या आहेत, हे सांगितलं की ती आणखी कान देतात.

अडतं ते फक्त उंदरापाशी. पक्ष्यांचं जाळं कुरतडायला उंदीर येतात. 'एक उंदीर, अनेक...' म्हटलं की अर्धा वर्ग 'उंदरं' ओरडतो आणि अर्धा 'उंदीर'. मी पुस्तकात दाखवते, तरी घंटा होईपर्यंत वाद चालूच असतो.