दिवाळीचा सिनेमा आणि पुरस्कार

दिवाळीतला सिनेमा म्हणजे नुसता गल्ला, असं म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट! १२ नोव्हेंबर २०१५ ला, ऐन दिवाळीत, सलमानच्या 'प्रेम रतन धन पायो'समोर 'कट्यार काळजात घुसली' उभा राहिला आणि महेश काळेंनी गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार आणला. १० नोव्हेंबर २०२३ ला तर 'श्यामची आई' आणि 'नाळ २' एकाच शुक्रवारी आले. ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पहिला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, दुसरा सर्वोत्कृष्ट बालचित्रपट. 'नाळ २'च्या तिन्ही पोरांनाही पुरस्कार मिळाला. त्यातल्या श्रीनिवास पोकळेचा तर हा दुसरा! (अत्रेंच्या 'श्यामची आई'ला १९५४ मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं होतं, हे आठवतं ना?)

पुरस्काराच्या हिशोबात एक मेख मात्र आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी प्रदर्शनाची नव्हे, सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख धरतात, तीही जानेवारी ते डिसेंबर.

तरी वरची उदाहरणं पाहता यंदाच्या दिवाळीत माझी पैज मोठ्या पोस्टरवर नाही, पोरांच्या आणि गाण्यांच्या सिनेमावर. आम्हा मध्य प्रदेशातल्या बोरगावकरांना त्यासाठी नागपूर गाठावं लागलं तरी चालेल. सौंसर-पांढुर्ण्याकडून कोण कोण येतंय? कमेंटमध्ये सांगा, एकाच गाडीत जाऊ.