कुलूपबंद चित्र आणि त्याची किल्ली

पैसे भरून घेतलेला चित्रपट संगणकावर लावावा आणि चित्राऐवजी काळा चौकोन व एखादा न समजणारा क्रमांक दिसावा, हा अनुभव आज पुष्कळांना येतो. यंत्रच बिघडले असे समजून माणूस दुकान गाठतो. वस्तुतः अनेकदा दोष ब्राउझरमधील एका लहानशा घटकात असतो. त्याचे काम समजून घेतले, तर खर्च वाचतो आणि फसवणूकही टळते.

असा चित्रपट आपल्याकडे सांकेतिक रूपात, म्हणजे कुलूप लावूनच येतो. ते उघडणाऱ्या घटकास ‘कंटेंट डिक्रिप्शन मॉड्यूल’ म्हणतात. क्रोम व फायरफॉक्समध्ये गूगलचे ‘वाइडव्हाइन’ असते, सफारीत ॲपलचे ‘फेअरप्ले’. हा घटक परवान्याची मागणी तयार करतो व ब्राउझर ती चित्रपट पुरविणाऱ्या कंपनीकडे पोचवितो. आपली वर्गणी तपासून कंपनी किल्ली धाडते. ती त्या घटकातच वापरली जाते. आपल्या हाती येत नाही.

चित्र अडले तर प्रथम ब्राउझर अद्ययावत करून पुन्हा सुरू करावा. क्रोमच्या ‘कंपोनंट्स’ या पानावर वाइडव्हाइनच्या नावाखाली ‘चेक फॉर अपडेट’ हे बटण असते, ते दाबावे. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट’ या ओळीपुढे खूण आहे ना, हे पाहावे. संगणकाची तारीख व वेळ चुकली असल्यासही परवाना नाकारला जाऊ शकतो. प्रोजेक्टर किंवा दुसरा पडदा जोडला असेल, तर तो काढून पाहावा. कारण त्या जोडणीलाही संरक्षणाची अट असू शकते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. “चित्र दिसण्यासाठी हा प्लेअर उतरवून घ्या” असे सांगणाऱ्या अनोळखी पानावर विश्वास ठेवू नये. हा घटक ब्राउझर स्वतःच आणतो.

या व्यवस्थेस वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 2017 साली अधिकृत मान्यता दिली, तेव्हा मोठा वाद झाला. कुलूप नसेल तर चित्रपटांचे मालक आपला माल ब्राउझरमध्ये देणार नाहीत, असे एका पक्षाचे म्हणणे. उलट, बंद घटकातील दोष शोधणाऱ्या संशोधकांवरच खटले होतील, ही दुसऱ्या पक्षाची भीती. त्यांना संरक्षण न मिळाल्याने इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने कन्सॉर्शियम सोडले.

आपल्यापुरता बोध इतकाच की, वर्गणी भरून आपण चित्रपटाचे मालक होत नाही. पाहण्याची परवानगी तेवढी मिळवितो, आणि ती देणाऱ्याच्या इच्छेवर चालते. म्हणून शाळेने वा वाचनालयाने जे पिढ्यान्‌पिढ्या जपायचे, ते दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नये. त्याची बिनकुलपाची प्रत आपल्या संग्रही असावी.